सिक मारलेली जीप

"अंकल, बाहर आ जाइए ना. नीचे क्या रक्खा है?"

गाडीखालून उत्तर आलं नाही. बाहेर दिसत होते ते फक्त रेल्वेचे जुने काळे बूट घातलेले दोन पाय, आणि आतून मधूनमधून टण्, टण् असा आवाज येत होता. रायपूरच्या रिंग रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात असं गिऱ्हाईक यापूर्वी कधी आलं नसावं. लोक येत, सीटवर बसून एसी लावून पाहत, गाण्याचा आवाज वाढवून पाहत, फार तर टायरला एक लाथ मारत. हे गृहस्थ मात्र आल्या आल्या पिशवीतलं पोतं काढून, ते जमिनीवर अंथरून, सरळ जीपखाली घुसले होते.

"दीदी, पापाजी मिस्त्री हैं क्या?" दुकानदारानं हळूच विचारलं.

"नहीं भैया," भावना म्हणाली, "शक्की हैं."

ते काही खोटं नव्हतं. प्रल्हाद टेंभुर्णे यांनी सगळी नोकरी रेल्वेच्या मालगाड्या तपासण्यात घालवली होती. गाडी यार्डात लागली की हे हातोडी घेऊन तिच्या कडेनं चालत निघायचे. प्रत्येक चाकावर, स्प्रिंगच्या प्रत्येक पाट्यावर एक टोला. चांगलं लोखंड खणखणीत बोलतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की खिशातला खडू काढून डब्यावर लिहायचं, 'सिक'. म्हणजे आजारी. मग तो डबा गाडीतून कापून सिक लाइनीवर ढकलला जायचा, आणि टेंभुर्ण्यांनी 'फिट' म्हटल्याशिवाय तो हलवायची कोणा साहेबाची टाप नव्हती. आरडाओरडा झाला, वरून फोन आले, तरी त्यांनी आजारी डबा कधी सोडला नाही, आणि धडधाकट डबा कधी अडवला नाही. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना पहिलीपेक्षा जास्त अभिमान होता.

निवृत्त होताना हातोडी घरी आली आणि संशयही. दूधवाला, वायरमन, भावनाला सांगून आलेली स्थळं, सगळे टोला मारून पाहिले जाऊ लागले. स्थळं तर एकजात सिक लाइनीवर गेली. टेंभुर्ण्यांची बायको माया असताना म्हणायची, "मलेही लग्नाआधी वाजवून पाह्यलं असन यानं, मीच झोपेत असन." माया गेल्यापासून घरात असं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. बापलेक दोघंच, भनपुरीच्या त्या दोन खोल्यांत.

टेंभुर्णे सरपटत बाहेर आले. शर्टाला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"भैया, ये फोर-बाय-फोर है?"

"सौ टका, अंकल. लीवर देखिए ना."

"लीवर तो देखा. आगे का शाफ्ट किधर है?"

दुकानदार जरा चाचरला. "वो... पुराने मालिक ने माइलेज के लिए निकलवाया होगा. लगवा देंगे."

"और चेसिस में वेल्डिंग मारके ऊपर काला रंग पोता है, वो भी माइलेज के लिए?"

म्हणजे दांडा ओढला की ओढला जात होता, पण पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्टच गायब. चार चाकांची म्हणून विकायची आणि चिखलात दोनच चाकं फिरायची. वर चेसिसही, म्हणजे गाडीचा सांगाडाच, मोडून जोडलेली. टेंभुर्ण्यांनी हात पुसले आणि मुलीला म्हटलं, "चाल. सिक हाये."

भावनानं एक शब्दही विचारला नाही. बाबा सिक म्हणाले म्हणजे सिक. लहानपणी सायकलपासून हेच चालत आलं होतं.

भावना जनावरांची डॉक्टर. एवढे दिवस रायपूरच्या मोठ्या ऑफिसात होती, आता बदली मैनपूरच्या पलीकडे जंगलात झाली होती. मैनपूरला खोली घ्यायची, रोज तिथून दवाखान्यात जायचं, आणि दवाखान्यातून गावोगाव. गावं म्हणजे नाल्यांच्या पार, रस्ता असला तर आहे, नसला तर नाही. दवाखान्याची सरकारी गाडी कधीची बंद पडून होती. वरच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गाडीची स्वतःची सोय असेल तर महिनाअखेर रुजू व्हा, नसेल तर रायपुरातच राहा, आम्ही दुसऱ्याला पाठवतो.

टेंभुर्ण्यांना खटकत होतं ते वेगळंच. बदली रद्द व्हावी म्हणून लोक नवा रायपूरला मंत्रालयाच्या चकरा मारतात, कोणाकोणाचे पाय धरतात. ही पोरगी मात्र ऑर्डर हातात पडल्या दिवसापासून मोबाइलवर जुन्या जीपा पाहत बसली होती. तोंड वाकडं नाही, रडणं नाही. कुठंतरी काहीतरी बद्द वाजत होतं.

दुसरी जीप उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत निघाली, एका ठेकेदाराच्या आवारात. "सर, बस घर से ऑफिस," ठेकेदार म्हणाला. उरल्यात सगळ्याच गाड्यांवर काळी धूळ बसलेली असते, त्यात काही विशेष नव्हतं. टेंभुर्ण्यांनी पायाखालची चटई उचलली, पत्र्याच्या सांधीत बोट घातलं आणि बाहेर काढून ठेकेदाराच्या नाकासमोर धरलं. बोट लाल झालं होतं. "आपका ऑफिस खदान में है क्या?" त्यांनी विचारलं, आणि तीही जीप सिक लाइनीला लागली.

स्कूटीवर मागे बसताना ते मनातल्या मनात खूश होते. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या जीपचा फोन लागला तेव्हा पलीकडच्या माणसानंच उलटतपासणी सुरू केली.

"गाडी कोन चालवनार? रील बनवाले पाह्यजे असन तं येऊच नका."

हे गुलाबराव. ब्राह्मणपाऱ्यात राहायचे. जन्म खाणींच्या सर्वेक्षणात गेलेला, आता दोन्ही गुडघे कामातून गेलेले. क्लच दाबता येत नाही म्हणून जीप विकायची वेळ आली होती. घरापर्यंतच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की पंचाईत, म्हणून जीप बाहेर मोठ्या रस्त्यालगत एका शेडमध्ये उभी असे, ताडपत्री पांघरून. गुलाबराव काठी टेकत तिथं आले, पण ताडपत्रीला हात लावेनात.

"तुमी काय करता?" त्यांनी टेंभुर्ण्यांना विचारलं.

"रेल्वेत होतो. गाड्या तपासाचो."

"घेऊन इकनार तं नाही? दलाल लय येतात अशे, बापलेकी बनून."

टेंभुर्ण्यांचा पारा चढला. आजवर संशय घ्यायचं काम त्यांचं होतं, कोणी त्यांच्यावर घ्यावा ही सवय नव्हती. "तुमची गाडी खरी फोर-बाय-फोर हाये का ते सांगा आधी," ते म्हणाले. "का लीवरच हाये नुसता?"

दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. भावनाला हसू आवरेना.

शेवटी गुलाबरावांनी तिच्याकडे मोर्चा वळवला. "पोरी, समोर नाला हाये. चार चाकं लावाची हायेत. पह्यले काय करशीन?"

भावना जीपच्या पुढं गेली, वाकली, आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला खटका हातानं फिरवला. जुन्या जीपांना हे करावं लागतं. नाहीतर आत बसून कितीही दांडा ओढा, पुढची चाकं नुसती घरंगळत राहतात.

गुलाबरावांचा चेहरा उजळला. टेंभुर्ण्यांचा पडला. हे ही पोरगी कधी शिकली?

"ऑफिस के ड्रायव्हर भैया ने सिखाया, बाबा," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी."

खारून नदीच्या काठाला नेऊन तिनं जीप वाळूत घातली. मागच्या बाकावर टेंभुर्णे कान टवकारून बसले होते. कुठं खडखड, कुठं कुरकुर, गिअर बदलताना कुठं झटका. काही नाही. जीप चढावर मुकाट्यानं चढली, उतारावर मुकाट्यानं उतरली. गुलाबराव पुढच्या सीटवर काठी धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला मान डोलावत होते. भावना हसत होती. माया गेल्यापासून तिला असं हसताना टेंभुर्ण्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ते आता एका म्हाताऱ्याच्या जीपमध्ये पाहायला मिळावं याचा त्यांना रागच आला.

परत शेडमध्ये आल्यावर त्यांनी पोतं अंथरलं. पाटे वाजवले. खणखणीत. शाफ्ट जागेवर, पुढचा आणि मागचाही. चेसिस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. टण्, टण्, टण्. अशी सरळ, स्वच्छ बोलणारी गाडी हल्लीच्या दिवसांत त्यांनी पाहिली नव्हती. फिट म्हणायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"एवढ्या दूर काहून पाठवून राह्यले तुले?" गुलाबराव विचारत होते. "बापाले सोबत कोनाची?"

"पाठवलं नाही, काका," भावनाचा आवाज खाली आला. "मी स्वतः मागून घेतली पोस्टिंग. बाबांना नाही सांगितलं अजून. त्यांना वाटतं मी दर शनिवारी येईन... देखते हैं. महिन्यातून एकदा तर येईनच."

टेंभुर्णे तसेच पडून राहिले. गाडीच्या पोटाखाली काळोख होता आणि बाजूला लेकीच्या चपला दिसत होत्या. म्हणजे संशय खरा होता. या खेपेला खरा निघाल्याचं समाधान मात्र कुठंच सापडेना. मग त्यांच्या हातानं खिशातला खडू काढला आणि चेसिसवर, अगदी धडधाकट लोखंडावर, एक फुली मारली.

बाहेर येऊन ते म्हणाले, "क्रॅक हाये. चेसिसले. मंधातच. सिक हाये ही गाडी."

गुलाबराव वाकायला गेले, गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा काठीवर सरळ झाले.

"क्रॅक?" ते म्हणाले. "मले तं कधी जानवलं नाही."

"आतून हाये. वाजवल्याबिगर समजत नाही."

"तुमी रेल्वेचे मानूस. तुमी म्हंता तं असन." गुलाबरावांनी बॉनेटवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "मंग आता कोनालेच इकत नाही. उद्याच कबाडीले देतो, भंगारात. कोनाच्या लेकराच्या जिवाचा प्रश्न हाये."

टेंभुर्ण्यांना वाटलं होतं भाव पाडायचं नाटक आहे म्हणून हा माणूस भांडेल, दुसरा मिस्त्री आणतो म्हणेल. तसं काहीच झालं नाही. भावनानंही बापाच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. दोघा माणसांनी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

संध्याकाळी ते चहा टाकत होते तेव्हा बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला. "हां भैया, वही वाली. आगे का शाफ्ट लगवा दीजिए. परसों ले जाऊंगी."

टेंभुर्णे गॅस तसाच ठेवून बाहेर आले. "कोन होता?"

"रिंग रोडवाले भैया."

"त्याची गाडी? चेसिस जोडलेली हाये तिची! नाल्यात मधोमध तुटली तं?"

"सगळ्याच सिक आहेत ना, बाबा," भावना शांतपणे म्हणाली. "मग त्यातल्या त्यात ही बरी. हिची वेल्डिंग मला दिसते तरी. काकांच्या गाडीत क्रॅक होती आणि मला वाळूत चालवूनही समजली नाही. अशी गाडी मला जास्त डरावनी वाटते."

आत चहा उतू गेला.

सकाळी स्कूटीची किल्ली न मागता ते रिक्षा करून निघाले. शेडपाशी कबाडीचा छोटा टेंपो आधीच येऊन थांबला होता. एक माणूस जीपची बॅटरी सोडवत होता. गुलाबराव फडक्यानं काच पुसत उभे होते. भंगारात जाणाऱ्या गाडीची काच कोणी पुसतं का? पण ते पुसत होते.

"थांबवा त्याले," टेंभुर्णे धापा टाकत म्हणाले. "गाडीले काही झालं नाही. क्रॅक नाही."

गुलाबरावांनी फडकं खाली घेतलं. "काल होती."

"नोहती."

"काल होती, आज नाही. हाडासारखी जुळून आली का?"

"मी खोटं बोललो."

बॅटरीवाला हातातला पाना तसाच धरून ऐकू लागला. गुलाबरावांनी त्याला मानेनंच बाजूला जायला सांगितलं.

"काहून?"

"पोरगी जाऊन राह्यली. स्वताहून मागून. गाडी नसन तं थांबन, असं वाटलं मले."

गुलाबरावांनी समजूत घातली नाही. त्यांचा आवाज चढलाही नाही. "मी कालपासून काय करून राह्यलो माहीत हाये?" ते म्हणाले. "या गाडीत कोनाकोनाले बसवलं ते आठवून राह्यलो. बायकोले. नातवायले. म्हनलं, मोडक्या गाडीत फिरवलं मी त्यायले अन् मले पत्ता नाही."

"चुकलं माह्यं."

"आता तुमचं कोनतं खरं मानू मी? कालचं का आजचं?"

जन्मभर टेंभुर्ण्यांच्या एका शब्दावर मालगाड्या थांबत होत्या आणि सुटत होत्या, आणि आज एक जीप सुटत नव्हती. ते पोतंही न अंथरता जमिनीवर आडवे झाले, जीपखाली गेले, आणि शर्टाच्या बाहीनं ती फुली पुसली.

बाहेर आले तेव्हा गुलाबराव म्हणाले, "मले सांगून उपयोग नाही. तिले सांगा. तिनं इथं येऊन म्हनलं का बाबानं समदं सांगितलं, तं गाडी तिची. नाहीतं कबाडी हायेच."

भावना औषधांची पेटी भरत होती. टेंभुर्ण्यांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, गाडीखाली काय ऐकलं तेही. तिच्या हातातली बाटली पेटीच्या कडेवर तशीच थांबली.

"क्रॅक नाही?"

"नाही."

"नक्की?"

हा शब्द तिनं त्यांना कधी विचारला नव्हता. सायकलच्या वेळी नाही, स्कूटीच्या वेळी नाही, माया दवाखान्यात असताना 'आई घरी येईल' असं ते म्हणाले होते तेव्हाही नाही. "नक्की," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना बद्द वाजल्यासारखा वाटला.

बाटली पेटीत ठेवून भावना म्हणाली, "मीही लपवलं ना, बाबा. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. इथं मी नुसते तक्ते भरत बसते. जनावराला हात लावून कितना टाइम हो गया. मी डॉक्टर आहे, हेच विसरून राहिली होती मी."

"मले सांगतलं असतं तं..."

"तर तुम्ही माझी बदलीच सिक करून टाकली असती."

ती हसली. तेही हसले, पण ती आधी थांबली.

'बाबांनी सगळं सांगितलं' असं भावना शेडपाशी जाऊन सांगून आली, आणि निघायच्या सकाळी गुलाबरावांची जीप भनपुरीच्या घरासमोर उभी होती. टेंभुर्ण्यांनी उजाडताच उठून तिचं पाणी पाहिलं, तेल पाहिलं, चारी चाकांचे नट आवळले, खाली जाऊन एकेक पाटा वाजवला. शेजारच्या बायका दारात आल्या. पेटी, गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, सगळं मागे चढवून झालं. भावना पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि यार्डात म्हणायचे तसं, जरा मोठ्यानं म्हटलं, "फिट हाये. जाऊ दे."

भावनानं दार उघडलं. एक पाय आत ठेवला, आणि मग ती थांबली. किल्ली बॉनेटवर ठेवून तिनं मागून पोतं काढलं, जमिनीवर अंथरलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि नव्या कुडत्यानिशी जीपखाली गेली.

बाहेर दिसत होते ते फक्त तिचे दोन पाय.

"बाबा, हातोडी द्या."

त्यांनी वाकून हातोडी आत सरकवली. त्यांनी फिट म्हटलेलं आजवर कोणी पुन्हा तपासलं नव्हतं. पहिल्यांदा तपासलं ते त्यांच्या मुलीनं, आणि तिनं तपासावं असं त्यांनीच केलं होतं. कान सवयीनं आवाजाकडे लागले. टण्. टण्. पोरगी घाई करत नव्हती, टोला मारून ऐकत होती, मग पुढं सरकत होती. मधोमध, जिथं खडूचा पांढरा डाग अजून थोडा राहिला असेल, तिथं ती थांबली. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोले पडले. जागा तिनं बरोबर धरली होती.

ती बाहेर आली. "फिट," ती म्हणाली.

टेंभुर्ण्यांनी पुढं होऊन तिच्या पाठीवरची धूळ झटकली. हातोडी तिनं परत दिली नाही, सीटखाली ठेवली, आणि त्यांनीही मागितली नाही.